बसमध्ये पुस्तक म्हणू नये

पुई-सानचे वडील मला जावई म्हणून बघायला रविवारी मकावला येणार असं ठरलं, तेव्हापासून मी दोन गोष्टींची तयारी करत होतो. एक, त्यांना दिवसभर गाव दाखवायचं आणि खिशाला हात लावायचा नाही. दोन, मी नोकरी कुठे करतो ते त्यांना कळू द्यायचं नाही.

पहिली गोष्ट सोपी होती. माझा पगार होतो, पण तो खरा घरमालकाचा असतो. माझ्याकडे एक रात्र मुक्कामाला येतो आणि सकाळी उठून जातो. तरी या गावात माझ्यासारख्याचं अडत नाही. कॅसिनोवाल्यांना प्रत्येक फाटका माणूस उद्याचं गिऱ्हाईक वाटतो, त्यामुळे इथे बस फुकट, गारवा फुकट, कारंजी फुकट, आणि संगमरवरी संडास तर असे की माझ्या खोलीपेक्षा मोठे आणि उजेडाचे.

दुसरी गोष्ट अवघड होती. लो काकांचं, म्हणजे पुई-सानच्या वडिलांचं, सीमेपलीकडे शुनडाकला पुस्तकांचं दुकान आहे. दुकान बरं चाललं होतं. मग समोर सहा मजली सरकारी वाचनालय उघडलं. पाच मजल्यांवर पुस्तकं आणि सहाव्यावर प्यायला गरम पाणी. तेव्हापासून काका ‘वाचनालय’ हा शब्द लोक ‘ढेकूण’ म्हणतात तसा म्हणतात. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पोटात गळ असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य.

मी वाचनालयात आहे. पुस्तकं देतो, घेतो, शिक्का मारतो. पुई-सानने घरी सांगताना ‘सरकारी नोकरी’ एवढंच सांगितलं आणि पुढचं खोकल्यात घालवलं.

काकांना दुसरा राग जुगाराचा. त्यांच्या मेहुण्याने मकावला एका बैठकीत माशांचं तळं घालवलं होतं. मासे जागेवरच राहिले, फक्त दुसऱ्याचे झाले. त्यामुळे मुलगा मकावचा आहे म्हटल्यावर त्यांनी ‘जुगार खेळतो का’ असं विचारलंच नाही. ‘किती हरलाय’ असं विचारलं.

आता माझ्या नावाविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. माझं नाव हाउ-चिन. पण ते फक्त आईला आणि पुई-सानला ठाऊक आहे. बाकी गाव मला ‘स्यू’ म्हणतं. आमच्या बोलीत स्यू म्हणजे पुस्तक, आणि स्यू म्हणजेच हरणं. सूर तोच, लांबी तीच, केसाचा फरक नाही. म्हणून खेळायला निघालेल्या माणसासमोर पुस्तकाचं नाव काढत नाहीत, आणि पुस्तक हातात धरून त्याच्या शेजारी बसणं म्हणजे तर मांजराने सात वेळा आडवं जाणं. डुकराच्या जिभेचंही तसंच. जिभेचा खरा शब्द तोट्यासारखा ऐकू येतो, म्हणून खाटकाकडे जाऊन पाव किलो ‘नफा’ मागायचा आणि आल्यात शिजवून खायचा.

मी रोज कॅसिनोच्या फुकट बसने कामाला जातो. बस भरलेली असते जुगाऱ्यांनी, आणि माझ्या काखेत दोन-तीन पुस्तकं. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी ती बघितली आणि बस पुलाच्या मध्यावर असताना त्या उतरायला निघाल्या. ड्रायव्हर केओंगदादाने तोडगा काढला. मी शेवटच्या सीटवर बसायचं, आणि माझं नाव स्यू. सगळ्या बसचं हरणं एका माणसाच्या नावावर टाकलं की बाकीचे मोकळे, असं त्याचं शास्त्र. लोकांना ते पटलं. मग पहारेकरी, झाडूवाल्या मावश्या, पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या पोरी, सगळेच मला स्यू म्हणू लागले. मला वाईट वाटलं नाही. दोनपैकी एका अर्थाने ते खरंच होतं, आणि महिनाअखेरीला दुसऱ्याही.

रविवारी सकाळी लो काका सीमेच्या दारातून आले ते चाकांची मोठी बॅग ओढत. बॅग इतकी जड की चाकं रडत होती. मागे लो काकू, हातात थर्मास. मी बॅग घ्यायला वाकलो तर काकांनी दिली नाही. ही तुझ्या घरच्यांसाठी भेट आहे, संध्याकाळी देईन, म्हणाले. काकूंनी मला डोळ्यांनी समजावलं की दिवस चांगला गेला तर देतील, नाहीतर जशी आली तशी परत जाईल. मी म्हटलं, निदान हॉटेलात ठेवू, सामान फुकट सांभाळतात. हे ऐकून काकांनी बॅगेचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

पुई-सानला रविवारची सुटी मिळत नाही, कारण ती बिस्किटांच्या दुकानात आहे आणि रविवारी सगळं जग बिस्किटं घेतं. त्यामुळे मी एकटाच होतो.

बसचं दार उघडलं आणि केओंगदादा म्हणाला, “काय रे स्यू, आज घरच्यांनाही घेऊन आलास?”

पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी काकाकाकूंना जागा दिली आणि मला हाताने मागे पिटाळलं. मी सवयीने शेवटी जाऊन बसलो. काका मान वळवून बघत राहिले. हा माणूस तीस वर्षं स्यू विकत आलेला, दिवसातून शंभर वेळा तो शब्द तोंडात घोळवणारा. पण कॅसिनोच्या बसमध्ये त्यांना तो पुस्तक म्हणून ऐकूच आला नाही. जागेचा गुण.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, ते तुला काय म्हणाले?

“प्रेमाने म्हणतात, काका.”

“सगळे?”

“सगळेच.”

पहिल्यांदा मी त्यांना ते हॉटेल दाखवलं ज्याच्या आत कालवा आहे आणि छतावर आकाश रंगवलेलं आहे. तिथे बारा महिने संध्याकाळ असते. होडीत बसायला पैसे पडतात, पण पुलावर उभं राहून होडीतल्या लोकांना हात करायला पडत नाहीत, आणि ते लोकही पैसे भरलेले असल्यामुळे न चुकता हात करतात. काकूंनी सातआठ होड्यांशी ओळख केली. काका आकाशाला कुठे जोड दिसतो का ते शोधत होते.

तिथे मोई मावशी भेटल्या. त्या तिथली फरशी पुसतात. पुलाजवळच्या बाकावर मी कामानंतर वाचत बसतो, तो बाक त्यांच्या हद्दीत येतो.

“काय रे स्यू, परवा पार बुडाला होतास,” त्या म्हणाल्या. “हाक मारली तरी कळेना. सगळं संपवूनच उठलास.”

मी हसलो आणि पटकन काकांना पुढे नेऊ लागलो, कारण मावशी आता जाड पुस्तकाचं नाव काढतील अशी मला भीती. पण काकांनी पाय रोवले. रोज येतोस का इथे, विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ. कधीपासून? नोकरी लागली तेव्हापासून. घरी माहीत आहे? मी म्हटलं, आईच सांगते, घरात बसून उकडतं, तिकडे जा.

“आणि सोडावंसं वाटत नाही?”

पुस्तकाचं नाव टाळून बोलायचं म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलण्यासारखं. मी म्हटलं, “सुटत नाही, काका. एकदा हातात घेतलं की जेवणाचीही शुद्ध राहत नाही.”

काकांनी मान वर करून छताकडे बघितलं. मला वाटलं आकाशाने भारावले.

तिथून फुकट रोपवेला गेलो. एका हॉटेलासमोर मोठं तळं आहे, त्यात कारंजी गाण्यावर नाचतात, आणि तळ्यावरून रोपवेचे डबे फिरतात. काका दाराशी थांबले. तिकीट किती? नाही, म्हटलं. परतीचं तिकीट? तेही नाही.

“मग मध्येच थांबवून मागत असतील,” काका म्हणाले.

काकू सरळ आत जाऊन बसल्या, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. डबा तळ्यावर आला, खाली पाणी उसळलं, आणि बॅग पोटाशी धरून बसलेल्या लो काकांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. माणूस गुदगुल्या झाल्या आणि त्या झाल्या नाहीत असं दाखवायचं असेल तर काढतो तसा. पलीकडे उतरल्यावर समोरच जुगाराच्या दालनाचं दार दिसलं. हा बघ गळ, म्हणाले. मग म्हणाले, डावीकडची बाजू नीट बघितली नाही. दुसऱ्या फेरीत डावी बाजू बघितली. तिसऱ्या फेरीचं कारण बॅग होती. तिच्यामुळे म्हणे पुढचं दिसलं नव्हतं. चौथ्या फेरीला त्यांनी कारण दिलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. रांगेतल्या पोरीने विचारलं, काका, परत? तर म्हणाले, तपासतोय.

जेवायच्या सुमाराला जुन्या गावात गेलो. जळालेल्या चर्चची समोरची भिंत तेवढी उभी आहे, पायऱ्या चढून लोक तिच्यापुढे फोटो काढतात. काका वळसा घालून मागे गेले आणि परत आले.

“मुखपृष्ठ चांगलं आहे,” ते म्हणाले. “आत मजकूर नाही.”

त्या पायऱ्यांखालच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बदामी बिस्किटांची आणि गोड सुकवलेल्या मांसाच्या चपट्या तुकड्यांची दुकानं आहेत. प्रत्येक दुकानासमोर एक पोरगी कात्री आणि ताटली घेऊन उभी. ती तुकडा कापते, वानगी म्हणून हातावर ठेवते, तुम्ही खाता, पुढे जाता. पुढे दुसरी. गल्लीच्या एका टोकाने उपाशी शिरलेला माणूस दुसऱ्या टोकाने ढेकर देत बाहेर पडतो. माझी महिनाअखेरीची जेवणं याच गल्लीत होतात.

मधल्या दुकानासमोर पुई-सान होती. मालक गल्ल्यावर बसलेला, त्यामुळे घरच्यांशी गप्पा मारायची सोय नव्हती. तिने आईवडिलांच्या हातावर तुकडे ठेवले आणि गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली, चाखून बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही. तिचे डोळे मात्र माझ्याकडे. कसं चाललंय? मी अंगठा दाखवला.

काकांनी तो तुकडा चघळला. पुढच्या दुकानाचा घेतला. त्याच्या पुढचाही. मग ते माघारी आले, पहिल्या दुकानापासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा आले तेव्हा डोक्यावर काकूंची फुलांची टोपी होती. ओळखू नये म्हणून. पोरी शहाण्या, त्यांनी ओळख दाखवली नाही. एकीने तर मुद्दाम नवीन गिऱ्हाइकासारखं स्वागत केलं आणि मोठा तुकडा दिला. मग काकांनी एकदम पाकीट काढलं आणि लेकीच्याच दुकानातून बिस्किटांचे आणि मांसाचे इतके डबे घेतले की मालक उठून उभा राहिला.

डबे बांधता बांधता त्यांनी लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं. पुई-सानची कात्री थांबली. काका काकूंना घेऊन सावलीत गेले, तेव्हा तिने मला ताटली पुढे करून जवळ बोलावलं.

“बाबा म्हणतायत तू अट्टल जुगारी आहेस.”

मी तोंडातला तुकडा गिळला. ती म्हणाली, बाबांनी सकाळपासून स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बसवाला तुला हरलेला म्हणतो, झाडूवाली म्हणते परवा पार बुडालास, आणि तू स्वतः म्हणालास की सुटत नाही. बॅग परत नेणार आहेत.

मी म्हटलं, मग खरं सांगून टाकू?

“सांग की. पण बाबांना जुगारी परवडेल का वाचनालयवाला, ते मला विचारू नकोस. मामाचं निदान तळंच गेलं. आमचं समोरचं सहा मजली आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “हाउ-चिन, मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाहीये. पण मला ते बाबांना न दुखवता करायचंय. संध्याकाळच्या बसच्या आत काहीतरी कर.” एवढं बोलून तिने मोठ्याने हाक दिली, चाखून बघा, चाखून बघा, आणि माझ्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला. धीर यावा म्हणून असेल.

शेवटचं ठिकाण सोन्याच्या झाडाचं होतं. एका हॉटेलाच्या गोल दालनात जमीन उघडते, खालून सोनेरी झाड वर येतं, छत उघडतं, दिवे फिरतात, लोक झाडावर नाणी फेकतात आणि श्रीमंत होण्याची इच्छा धरतात. इच्छा धरायला पैसे पडत नाहीत; फेकलेली नाणी तेवढी जातात. दालनाच्या एका अंगाला जुगाराच्या खोलीचं दार आहे. काकांनी नेमकं तेच अंग निवडलं.

“मला आत बघायचंय,” ते म्हणाले. “तू चल. तुझ्या ओळखीचं असेलच.”

मी म्हटलं, काका, मला नाही जाता येत. काकांनी माझा दंड धरला आणि दारापर्यंत नेलं. दाराशी क्वान होता. क्वान पहारेकरी आहे आणि आमच्या वाचनालयातून मासेमारीवरची पुस्तकं नेतो, उशिरा परत आणतो. त्याने बॅग, डबे, फुलांची टोपी, सगळं बघितलं आणि नम्रपणे हात आडवा केला.

“काका, तुम्ही या. ह्या स्यूला आत सोडता येत नाही. ह्याला बंदी आहे.”

काकांनी माझा दंड सोडला. “बंदी कुणी घातली?”

“सरकारने.”

काका हळूच काकूंकडे वळले. “इतका हरला की सरकारला मध्ये पडावं लागलं,” ते म्हणाले, आणि मला त्या आवाजात थोडा आदरही ऐकू आला.

त्याच वेळी मागे जमीन उघडली. झाड वर येऊ लागलं, लोकांनी नाणी फेकायला सुरुवात केली. आता खरं बोलण्यावाचून मार्ग नव्हता. मी म्हटलं की काका, सरकारी नोकरांना इथे जुगाराच्या खोलीत पाय ठेवता येत नाही. नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस तेवढी मुभा, आणि तेव्हाही मी आईबरोबर देवळात होतो. मी आयुष्यात एकदाही आत गेलेलो नाही. बसमध्ये मला हरलेला म्हणत नाहीत, पुस्तक म्हणतात.

“पुस्तक का?”

“मी वाचनालयात आहे.”

झाड पूर्ण वर आलं. हिरवं झालं, लाल झालं, सोनेरी झालं. काका कठड्यावर बसले. क्वानने काळजीने विचारलं, पाणी आणू का, फुकट असतं. काकांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते त्याला कळलं नाही. त्याने आणलं.

काकूंनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, जुगारी नाही ना? मग तोंड पाडून का बसलात? काका म्हणाले, जुगारी स्वतःचे पैसे घालवतो, हा माझे घालवतो. त्यावर काकूंनी शांतपणे विचारलं की आज सकाळपासून तुम्ही कशाकशाचे पैसे दिलेत ते सांगा. बस? रोपवे? चार वेळा? माझी टोपी घालून तिसऱ्यांदा चाखलंत त्याचे?

“बिस्किटांचे दिले,” काका म्हणाले.

“का दिलेत? ताटलीवरचं पोटभर झालं होतं की.”

“चव लागली म्हणून.”

हे बोलून ते थांबले. समोर झाड खाली जायला लागलं होतं. काकांनी मांडीवरच्या डब्यांकडे बघितलं, मग एकेक डबा मोजल्यासारखा बोटाने दाबला. “चव लागली म्हणून,” ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी आम्हाला नाही.

मग त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडून नेऊन वाचणारे लोक कधी विकत घेतात का. मी खोटं बोलायचं सकाळीच सोडायला हवं होतं, म्हणून आता खरंच सांगितलं. सगळे नाही घेत. काही पानं फाडून नेतात. पण पुष्कळांना दुसरा भाग हवा असतो आणि तो नेमका क्वानसारख्या कुणीतरी नेऊन ठेवलेला असतो. क्वानने खाली बघितलं. मग ते लोक थांबू शकत नाहीत, मी म्हटलं, आणि दुकानात जातात.

काका पाणी प्यायले. “म्हणजे पुई-सान ताटली धरते आणि तूही ताटलीच धरतोस.”

“हो काका. फक्त माझ्याकडे कात्री नाही.”

ते हसले नाहीत. विचार करतो, म्हणाले, आणि उठून बॅगेचा दांडा धरला. बॅग अजून त्यांच्याकडेच होती.

परतीच्या बसला गर्दी होती. निम्मे लोक आणखी एका कॅसिनोकडे निघालेले, निम्मे सीमेकडे. पुई-सानची पाळी संपली होती, ती धावत आली आणि आईशेजारी बसली. मी सवयीने शेवटच्या सीटकडे. काका बॅग धरून वाटेतच उभे. केओंगदादाने वळण घेतलं, बॅग कलंडली, दिवसभर रडणारं एक चाक शेवटचं रडून निखळलं, आणि चेन फाटून आतली सगळी लाल पुस्तकं बसभर पसरली.

मग सकाळच्याच आजीबाई सीटवर पाय वर घेऊन बसल्या, जणू खाली पाणी शिरलंय. कुणीतरी म्हणालं, स्यू. दुसरा म्हणाला, एवढी? एका माणसाने खिशातल्या जुगाराच्या चिप्स दोन्ही हातांनी झाकल्या. केओंगदादाने बस कडेला घेतली आणि म्हणाला, “काका, एका स्यूला मी मागे बसवून सांभाळतो. एवढ्यांना मागे सीट नाहीत. उतरावं लागेल.”

मला वाटलं, संपलं. मी पुस्तकं गोळा करायला वाकलो आणि पहिलंच हातात घेतल्यावर मला कळलं की भेट काय होती. या वर्षीचं पंचांग. नवं वर्ष लागून महिना उलटलेला, म्हणजे दुकानात न खपलेला गठ्ठा. सोयऱ्यांना द्यायला चांगलं.

काकांनी ते माझ्या हातून घेतलं आणि बसमध्ये उभे राहिले. तीस वर्षं गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस कसा उभा राहतो ते मी तेव्हा बघितलं.

“पुस्तक कोण म्हणालं?” ते म्हणाले. “वाचता येत नाही का? वर काय लिहिलंय?”

आमच्याकडे पंचांगाच्या खऱ्या नावात शेवटी स्यू येतं. पण ज्यात सगळ्या वर्षाचे मुहूर्त आहेत त्याला ‘सगळं हरणं’ कोण म्हणणार? म्हणून, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात तसं, पंचांगातलं स्यू काढून तिथे ‘सिंग’ घालतात. सिंग म्हणजे जिंकणं. ‘तुंग-सिंग’, सगळं जिंकणं. वेष्टनावर तेच छापलेलं होतं, ठळक, सोनेरी.

आजीबाईंनी एक पाय खाली ठेवला. “सिंग आहे होय,” त्या म्हणाल्या. “मग किती पसरलंय बघा.”

बसभर जिंकणंच जिंकणं पसरलेलं. लोक पाय सांभाळू लागले, आता तुडवलं जाऊ नये म्हणून. आणि तेव्हा लो काकांनी ते केलं जे त्यांनी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. एक पंचांग उघडलं, आजचं पान काढलं आणि आजीबाईंपुढे धरलं.

“बघा. घ्यायलाच पाहिजे असं नाही.”

पुई-सानने आईचा हात दाबला.

आजीबाईंनी वाचलं. आज प्रवास शुभ, केस कापणं अशुभ. मी सकाळी केस कापणार होते आणि नाही कापले, त्या बसला सांगू लागल्या. मग विचारलं, उद्याचं काय आहे? काकांनी पान मिटलं.

“आजचं फुकट,” ते म्हणाले. “उद्याचं विकत.”

बस सीमेपर्यंत पोचायच्या आत बॅग रिकामी झाली. चिप्स झाकणाऱ्याने दोन घेतली, एक घरी ठेवायला आणि एक खिशात. केओंगदादाने सिग्नलला थांबून एक घेतलं आणि ते आरशाखाली टांगलं. कुणी पैसे मकावच्या पटाकांत दिले, कुणी पलीकडच्या युआनमध्ये, एकाने चिप देऊ केली, ती मात्र काकांनी अशी लांबून परत केली जणू तिला वास येत होता.

उतरताना त्यांच्या हातात एकच पंचांग उरलं होतं. भेट म्हणून आणलेला गठ्ठा विकून टाकल्याचं त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते थोडे ओशाळले. मग ते पंचांग त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“घरी दे,” म्हणाले. “आईला सांग, लग्नाचा मुहूर्त तुम्हीच काढा. पुढचं पान उघडून बघ, फुकट आहे.”

मग ते परत बसच्या दाराशी गेले, आत डोकं घातलं आणि केओंगदादाला बजावलं की ह्याला यापुढे स्यू म्हणायचं नाही, हा माझा जावई आहे, सिंग म्हणायचं. एवढं सांगून ते रिकामी, एका चाकाची बॅग हवेत झुलवत सीमेच्या दारातून गेले. काकूंच्या हातात बिस्किटांचे डबे होते आणि काकांच्या डोक्यावर अजून ती फुलांची टोपी. सीमेवरच्या अधिकाऱ्याने फोटोशी चेहरा जुळवायला जरा वेळ घेतला.

परवा पुई-सान सांगत होती, काकांनी दुकानासमोर एक टेबल मांडलंय. त्यावर प्रत्येक कादंबरीचं पहिलं प्रकरण मोकळं, आणि पुढच्या पानांना कपड्याचा चिमटा. शिवाय समोरच्या वाचनालयात जाऊन ते चौकशी करून आले की कुठल्या पुस्तकांचा दुसरा भाग तिकडे हरवलाय.

मला मात्र शेवटची सीट गेली. केओंगदादा मला आता पुढे बसवतो, आणि आजीबाई माझ्या शेजारी जागा धरून ठेवतात. काल मी उघडून बसलो होतो, त्या डोकावल्या आणि काय वाचतोयस असं विचारणार, तेवढ्यात त्यांना आठवलं आणि त्यांनी जीभ चावली. म्हणजे नफा चावला.

“जाड सिंग आहे, आजी,” मी म्हटलं. “सोमवारी परत करायचंय.”